उस्कुदारच्या मावशींस

मावशी,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हॉटेलातला मुलगा फोनवर तुम्हाला 'तेयझे' म्हणत होता. तेयझे म्हणजे आईची बहीण, असं धाकटीनं सांगितलं, म्हणून मीही मावशीच म्हणते.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी चुकीच्या बोटीतून तुमच्या धक्क्यावर उतरलेले पांढऱ्या टोपीचे गृहस्थ आमचे बाबा. एसटीत 31 वर्षं कंडक्टर होते. बोर्ड न वाचता चढणाऱ्या प्रवाशांना त्यांनी आयुष्यभर झापलंय.

इस्तंबूलमधला आमचा तो शेवटचा दिवस. रात्री आई, बाबा आणि मी मुंबईला निघणार, धाकटी जर्मनीला. पुन्हा चौघं कधी, हा विषय सकाळपासून कुणी काढत नव्हतं. आया सोफियाची रांग पाहून ती बाहेरूनच बघितली. येरेबातानच्या जमिनीखालच्या टाक्यात, त्या 336 खांबांत, मात्र निवांत हिंडलो. तिथं एका खांबाखाली मेड्युसाचं डोकं उलटं बसवलंय. "गवंडी घाईत होता," इति बाबा.

दुपारी एमिनोनूहून बोटीनं कादिकॉयला जायचं ठरलं. आई भाजलेले चेस्टनट घ्यायला थांबली, तेवढ्यात बाबा "मी जागा धरतो" म्हणून पुढे गेले. बोटीचं कार्ड त्यांच्या खिशात, चष्मा आईच्या पर्समध्ये. आणि तिथं कादिकॉयचा धक्का कुठला, उस्कुदारचा कुठला, हे डोळसालाही पटकन कळत नाही. बाबांनी उस्कुदारच्या बोटीत खिडकीशी बसून शेजारच्या तीन जागांवर रुमाल, टोपी आणि पिशवी ठेवली. बोट सुटली. आम्ही दुसऱ्या बोटीत, खाली-वर शोधतोय. त्यांचा फोन परदेशात मुका. आजूबाजूचे सीगलना पाव टाकत होते, आणि आईच्या मुठीत चेस्टनटची पुडी तशीच गार झाली.

पुढचं बाबांकडून कळलं, म्हणजे थोडं मीठमसाला लावूनच असणार. उतरल्यावर पाटी वाचता येईना म्हणून ते डोळ्यांकडे हात नेत "चष्मा, चष्मा" म्हणत राहिले. तुम्हाला वाटलं, यांना तोंडावर पाणी मारायचंय. हाताला धरून तुम्ही त्यांना थेट चेश्मेपाशी नेलंत, सुलतान तिसऱ्या अहमदच्या काळातल्या त्या नक्षीदार संगमरवरी पाणपोईपाशी! दोन्ही शब्द मूळचे फारसीतले. तुमच्याकडे पाणी झाले, आमच्याकडे काचा.

मग चहा, सिमिट (तो तीळ लावलेला गोल पाव). "शेकेर?" विचारलंत तेव्हा बाबांनी दोन बोटं दाखवली. (त्यांना साखर बंद आहे. आईला हे आत्ता, पत्र वाचून दाखवताना कळलं.) त्यानंतर तुम्ही पर्समधून लिंबाच्या वासाचं कोलोन काढून त्यांच्या ओंजळीत ओतलंत. बाबांनी ते तीर्थ समजून तोंडाशी नेलं. तुम्ही मनगट धरलंत म्हणून बरं. आता घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे साभिनय ऐकावं लागतं.

खिशातलं हॉटेलचं कार्ड शोधून तुम्हीच फोन लावलात. हॉटेलवाल्यानं धाकटीला कळवलं, तेव्हा आम्ही कादिकॉयला पोलीस शोधत होतो. तिथून मेट्रोनं एक स्टेशन, मग मार्माराय या लोकल गाडीनं एक. गाडी बदलायच्या स्टेशनाचं नाव आयरिलिक चेश्मेसी. धाकटीनं फोनवर अर्थ पाहिला: ताटातुटीची पाणपोई. हजला निघालेल्या काफिल्यांना निरोप द्यायला लोक पूर्वी तिथपर्यंत येत. "हे आजच सांगायला हवं होतं का?" आई म्हणाली. पुढे कुणी बोललं नाही.

तुम्ही दीड तास बसून होतात. पायाशी भाजीची पिशवी, त्यातली पालेभाजी मान टाकलेली. कुणीतरी घरी वाट बघत असणार. पैशांचं नाव काढताच तुम्ही छातीवर हात ठेवून मान हलवलीत. तेव्हा आईनं धाकटीसाठी राखून ठेवलेला सांगलीच्या भडंगाचा पुडा काढला. धाकटीचा चेहरा मी पाहिला. तुम्ही मूठभर खाल्लंत, ठसका लागला, डोळे पुसलेत आणि पुन्हा पुड्यात हात घातलात.

कादिकॉयचा मासळीबाजार राहिला. त्याऐवजी तुमच्या मागोमाग किनाऱ्यावर आलो, पाण्यातल्या कीझ कुलेसी मनोऱ्यासमोर, आणि पलीकडच्या मिनारांमागे सूर्य जाईपर्यंत बसलो. आमचा चौघांचा फोटो तुम्हीच काढलात. कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय. तो कापायचा नाही, असं आईनं बजावलंय.

धाकटीच्या ऑफिसातली तुर्की मैत्रीण हे पत्र तुमच्या भाषेत करून त्या चहावाल्याकडे पोचवणार आहे. एक विनंती: बाबा टोपी आणि पिशवी घेऊन उतरले, रुमाल मात्र बोटीतच राहिला. निळ्या काठाचा आहे. कधी दिसला तर असू द्या तिथंच, जागा धरलेली आहे.

तुमची,
सांगलीच्या कंडक्टरांची थोरली