डॉक्टरकाका, ठकीच्या मानेवर पुन्हा केस आले

तीर्थस्वरूप डॉक्टरकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फी घेतली नाहीत, शाल-नारळ दारातूनच परत पाठवलात आणि "आभार कसले मानतेस, मांजराकडे बघ" म्हणून विषय संपवलात. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. त्यामागे आणखीही एक कारण आहे. इंदूरमध्ये आणि बाहेरही अशी कितीतरी घरं असतील, जिथे मांजर रात्र-रात्र खाजवत बसतं आणि घरच्यांना काही सुचत नाही. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते त्यांच्याही कानावर जावं, अशी फार इच्छा आहे.

ठकी आमच्या राजेंद्रनगरच्या गल्लीतलीच. तिसऱ्या वर्षी तिला खाज सुटली. आधी कानामागे, मग मानेला, मग डोळ्यांच्या वर. केस बाजूला केले की बोटांना बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या लागायच्या. मागच्या पायाच्या नखांनी ती त्या फोडायची, रक्त यायचं, ते सुकायच्या आत पुन्हा नखं. मान उघडी पडली होती. एका दवाखान्यात तिला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचे. काही आठवडे बरे जायचे आणि पुन्हा तेच. पुढचं इंजेक्शन कधी, एवढंच तिथे ठरायचं. खाज कशामुळे, हा प्रश्न कोणी काढलाच नाही.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता मी तुमच्यापाशी हे बोलले. तुमची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, गाई-म्हशींची अडलेली बाळंतपणं करण्यात गेली. "मांजराचं मला बेताचंच कळतं," असं तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक दातांची फणी घेऊन आमच्या दारात उभे राहिलात. फणीत निघालेली काळी भुकटी तुम्ही ओल्या पांढऱ्या कागदावर झटकलीत आणि मला जवळ बोलावून दाखवलंत. लालसर डाग फुटला तर ती पिसवांची विष्ठा, कारण तिच्यात रक्त असतं. नाही फुटला तर नुसती धूळ. आमच्या कागदावर डाग फुटला नाही. तरीही पिसवांचं औषध दर महिन्याला मानेवर सोडायला सांगितलंत. मांजर अंग चाटताना पिसू गिळून टाकतं, त्यामुळे दिसली नाही म्हणजे नाहीच असं धरता येत नाही. कातडीची खरवड तुम्ही महूला, तुम्ही जिथे शिकलात त्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, ओळखीने तपासून आणलीत. खरजेचे किडे नाहीत, नायटाही नाही. हे सगळं झाल्यावर मगच तुम्ही खाण्याचं नाव काढलंत. मला या क्रमाचं फार महत्त्व वाटतं, कारण तोवर मला भेटलेल्या प्रत्येकाने एकदम शेवटाकडून सुरुवात केली होती.

मग तुम्ही वही काढलीत. ठकीने जन्मापासून काय काय खाल्लं ते आठवून लिहायला लावलंत: आईने दिलेली साय, चहात बुडवलेलं बिस्कीट, दुकानातल्या कोरड्या खाद्याच्या पिशव्या, शेजाऱ्यांकडचे चिकनचे तुकडे. ज्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत मासळी छापलेली होती तिच्या मागचा बारीक मजकूर तुम्ही भिंगातून वाचलात. तिथेही कोंबडीच्या मांसाची भुकटी निघाली. म्हणजे आम्ही इतके दिवस पिशव्या बदलत होतो, आतला घटक तोच राहत होता.

ॲलर्जीची रक्ततपासणी, केसांची तपासणी याबद्दल मी विचारलं, तेव्हा खाण्याच्या ॲलर्जीसाठी या तपासण्यांवर विसंबता येत नाही, असं तुम्ही सांगितलंत. खात्रीचा रस्ता एकच: पूर्वी कधीही न खाल्लेलं एकच मांस आठ आठवडे द्यायचं, बाकी सगळं बंद, आणि खाज थांबली की जुनं खाणं परत देऊन बघायचं. ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊहून अधिक जनावरांत आठ आठवड्यांत फरक दिसतो, हे तुम्हीच मला वाचून दाखवलंत. २०१६ साली परदेशात छापून आलेला एक आढावाही दाखवलात: ७८ मांजरांपैकी १८ टक्क्यांना गोमांसाचा, १७ टक्क्यांना मासळीचा आणि ५ टक्क्यांना चिकनचा त्रास. "हे तिकडचे आकडे. तिकडची मांजरं जे खातात त्याचीच ॲलर्जी त्यांना होणार. तुझ्या मांजराने जन्मभर चिकन खाल्लंय, आपण तिथे बघू," हे तुमचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. बदक आणि बटेर तुम्ही बाजूला ठेवलंत, कारण तेही पक्षीच. कोंबडीचं सोसत नसेल तर त्यांचंही कदाचित सोसणार नाही. उरलं बकऱ्याचं मटण.

आणि इथे आमच्या घराचा प्रश्न आला. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात येत नाही, तिथे मटण! आई दोन दिवस बोलली नाही. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, तुम्ही दर एकादशी करणारे. तुम्ही येऊन आईजवळ बसलात, चहा घेतलात आणि सांगितलंत, "वहिनी, तिला देवाने दातच तसे दिलेत. आपण आपलं पाळायचं, तिचं तिला मिळू द्यायचं." आई काही बोलली नाही, पण मागच्या ओसरीतला जुना लहान फ्रिज तिनेच रिकामा करून दिला. सुरी, पाट, डबा, पुसायचं फडकं, सगळं तिथेच वेगळं. मला मटणातलं ओ की ठो कळत नव्हतं म्हणून पहिल्या वेळी तुम्ही दुकानापर्यंत सोबत आलात. रान म्हणजे मांडीचं मांस कुठलं, दिल म्हणजे हृदय कुठलं, कलेजी कशी ताजी ओळखायची, हे काचेबाहेर उभं राहून बोटाने दाखवलंत. तयार कीमा घेऊ नको म्हणालात, कारण त्या यंत्रातून आधी चिकन गेलेलं असू शकतं आणि कीम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. अख्खा तुकडा, धुतलेल्या सुरीने, समोर कापून. दुकानदाराने आधी आपल्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. पुढे तोच माझ्यासाठी सुरी वेगळी काढून ठेवू लागला.

आता कच्च्या मांसाबद्दल, कारण त्यासाठीच हे पत्र बरेच जण वाचतील. मी आले होते तीच कच्चं खाणं डोक्यात घेऊन. कच्चं दिलं की ॲलर्जी जाते, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. तुम्ही मला उडवून लावलं नाहीत. "ॲलर्जी प्रथिनाची असते. कच्च्या कोंबडीतही तेच, शिजलेल्या कोंबडीतही तेच. ज्यांची मांजरं कच्च्यावर बरी झाली त्यांनी बहुधा त्याच वेळी मांसही बदललं असणार," एवढं सांगून तुम्ही धोके पुढे मांडलेत. साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे जंतू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. उणे बारा अंशांच्या खाली काही दिवस गोठवलं तर टॉक्सोप्लाझ्मा मरतो, साल्मोनेला मात्र गोठूनही जिवंत राहतो. घरात आईचं वय अठ्ठ्याहत्तर. आणि २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच मध्यप्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडलेला. त्याच सुमाराला अमेरिकेतही कच्चं खाद्य खाऊन मांजरं दगावलेली. कोंबडी कच्ची तर कधीच नाही, हे तुम्ही एकदाच आणि जरा कडकपणे सांगितलंत.

म्हणून आम्ही शिजवलेल्या मटणाने सुरुवात केली. ठकीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. घरातले म्हणाले, भूक लागली की खाईल. मी तुम्हाला फोन केला, आणि त्या फोनसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते अंगाने भरलेलं असलं, तर यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकतं. कुत्र्यासारखी त्याची भूक ताणायची नसते, हे तुम्ही सांगितलंत. त्याच संध्याकाळी तुम्ही आलात. गोठवून ठेवलेला रानाचा तुकडा फ्रिजमध्ये सुटू दिला होता. तो उकळत्या पाण्यात धरून बाहेर काढलात, वरून पांढरा पडला, आतून लालच राहिला. बहुतेक जंतू वरच्या अंगाला असतात ते मरतात, म्हणालात. पूर्ण निर्धोक नाही, पण धोका कमी. बारीक तुकडे करून कोमट असतानाच पुढे ठेवलेत. ठकीने ताटली चाटून पुसली.

तिथून पुढे तुमच्या सांगण्याप्रमाणे पाण्यात धरायचा वेळ मी हळूहळू वाढवत नेला. उरलेलं अर्ध्या तासात उचलायचं, ताटली गरम पाण्याने, हात साबणाने. आठ आठवडे संपायच्या आत ती पूर्ण शिजलेलं मटण खाऊ लागली होती. खाज कमी होत होती ती होतच राहिली, शिजवल्यामुळे तसूभरही वाढली नाही. कच्चं की शिजलेलं यापेक्षा कोणाचं मांस, हा प्रश्न आधीचा, हे मला तिच्या मानेवर दिसलं.

नुसतं मटण मात्र चालणार नव्हतं, आणि या बाबतीत तुम्ही स्वतःच्या अनुभवावर न थांबता महूला तुमच्या विद्यार्थ्याकडून हिशेब मांडून आणलात. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं साध्या उडीने मोडतात. अंड्याच्या टरफलाची पूड मी सुचवली, तर तुम्ही थांबवलंत: आतल्या पडद्यात अंड्याची प्रथिनं असतात, प्रयोग बिघडेल. त्याऐवजी केमिस्टकडचं साधं कॅल्शियम कार्बोनेट, वजन करून. कलेजी अगदी थोडी, कारण जीवनसत्त्व अ फार झालं तर मानेचे मणके जखडतात. आणि टॉरिन, मांसात असणारं एक पोषक द्रव्य. मांजराच्या शरीराला ते पुरेसं बनवता येत नाही, ते मिळालं नाही तर हृदय पसरट आणि दुबळं होतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे दाखवलं आणि मग तयार खाद्यांत टॉरिन वाढवण्यात आलं. उकळताना ते पाण्यात उतरतं, म्हणून शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, ताटलीतच ओतायचं. वजनाचे आकडे मी इथे देत नाही. ते ठकीच्या वजनाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या मांजरासाठी ते जाणकाराकडून काढून घ्यावेत.

बाहेरचं खाणं बंद करणं सगळ्यांत अवघड होतं. एका बिस्किटाने आठ आठवडे पाण्यात जातात. तुम्ही मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत पाटी लिहिलीत, "ठकी को कुछ भी न खिलाएँ, दवा चालू है", आणि फाटकाला बांधलीत. तेवढ्यावर न थांबता समोरच्या दोन्ही बिऱ्हाडांत जाऊन सांगून आलात. जंताचं औषधसुद्धा चवीचं नको, साधी गोळी हवी, म्हणून सियागंजच्या बाजूला चार दुकानं तुम्ही हिंडलात, हे मला काकूंकडून कळलं.

मानेवर आधी राखाडी लव आली, मग केस. मला तिथेच थांबायचं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, शिजवलेलं चिकन थोडं द्यायला लावलंत, नाहीतर खाज मटणामुळे थांबली की ऋतू बदलल्यामुळे हे कधीच कळणार नाही, म्हणालात. आठवडा पुरा व्हायच्या आत ती कानामागे खाजवू लागली. चिकन बंद केलं, खाज थांबली. आता कोणीही काहीही सांगितलं तरी माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते तुमच्यामुळे आहे.

तुम्ही त्या इंजेक्शनांनाही कधी नावं ठेवली नाहीत. वेळेला लागतात, पण वर्षानुवर्षं घेतली तर मांजराला मधुमेह होऊ शकतो, एवढंच सांगितलंत. ठकीला त्यानंतर एकही घ्यावं लागलेलं नाही.

एक काम उरलं आहे. मासळी तिला चालते का ते बघायचं ठरलं होतं. तिला नुसत्या मटणावर जन्म काढायला नको, दुसरं एखादं मांस हाताशी असावं, हे तुमचंच म्हणणं. दिवाळीची पाहुण्यांची गर्दी ओसरली की सुरू करू. मासळी शिजवूनच द्यायची, कच्च्या मासळीने ब१ जीवनसत्त्व नासतं, हे लक्षात आहे. वही घेऊन मी सकाळी येते. काकूंना सांगा, पोहे मी करून आणीन.

आपली,
ठकीच्या घरची
राजेंद्रनगर, इंदूर