ओझरच्या काकांना, तीन टकटकींबद्दल

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं, जेवलास का?” म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, तेवढं पथ्य पाळतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तुम्ही आणि काकू लेकीकडे अमेरिकेत, कोलंबसला आलात. दोन गल्ल्या पलीकडे एक मराठी मुलगा गॅरेजमध्ये विमान बांधतोय, असं ताईने सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणे, “कांदिवलीच्या अमोल यादवांनी गच्चीवर बांधलं, तसं?” तसं नाही हो. त्यांनी सहा आसनांचं विमान स्वतः आखून बांधलं. माझं आरव्ही-9ए म्हणजे ओरेगनहून खोक्यांतून आलेला दोन सीटचा किट, म्हणजे सुटे भाग. पत्रे कापलेले, होलं पाडलेली. पण ते जोडायचे हजारो रिपिट, म्हणजे धातूच्या छोट्या खिळ्या, मारून, आणि अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाच्या हातचं असल्याशिवाय इथलं विमान खातं ‘घरी बांधलेलं’ मानत नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही हॅलो-बिलो काही न म्हणता सरळ पत्र्याच्या कडेवरून नख फिरवलंत. “बर काढली नाहीस.” म्हणजे कडेला राहिलेली बोचरी धार. झालं. ओझरच्या एचएएलमध्ये मिगच्या पत्र्यांवर उभी हयात गेलेला माणूस माझ्या गॅरेजात आलाय, हे मला तेव्हा उमगलं. त्या संध्याकाळी आपण फक्त कडा घासल्या. मला तर थोडा रागच आला होता.

रिपिटाचं काम एकट्याचं नाहीच. एकाने बाहेरून रिपिट ठोकायची गन लावायची, दुसऱ्याने आतून जड लोखंड टेकवून धरायचं. इथे त्याला बकिंग बार म्हणतात, तुम्ही डॉली म्हणायचात. मफलर गुंडाळून तुम्ही शेपटीच्या पोकळीत कंबरेपर्यंत शिरायचात आणि मला दिसायचे फक्त तुमचे लोकरी मोजे. दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ, त्यात तुमचं ऐकू येणं गनच्या आवाजाने आधीच मंदावलेलं. मग तुमची ती कारखान्यातली भाषा. आतून पत्र्यावर एक टकटक म्हणजे अजून मार. दोन म्हणजे जमलं. तीन म्हणजे काढ.

जानेवारीतल्या त्या शनिवारी तुम्हाला सर्दी झाली होती. मला धीर धरवेना. एका हातात गन, दुसऱ्या हाताने आत डॉली, असे मी 22 रिपिट एकट्याने मारले आणि फोटो काढून तुम्हाला पाठवले. तुम्ही काही लिहिलं नाहीत. सोमवारी आलात, बॅटरी घेऊन आत शिरलात, आणि टक टक टक. मी म्हटलं, कुठला? उत्तर नाही. थोडं पुढे सरकून पुन्हा तीन. असं नऊ वेळा.

बाहेर येऊन तुम्ही पट्टी मागितलीत. ठोकल्यावर आत चपटं होणारं डोकं रिपिटाच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. माझी एका बाजूला कललेली, पावसात लवलेल्या छत्रीसारखी. मी म्हणालो, “काका, उरलेले तेरा धरतीलच की यांना.” तुम्ही चिडला नाहीत. “वर गेल्यावर कुठला धरतोय ते पत्र्याला विचारता येत नाही,” एवढंच म्हणालात आणि ड्रिल माझ्या हातात दिलंत. स्वतः काढून दिले असते तर दहा मिनिटांत झालं असतं, पण तुम्ही स्टुलावर बसून थर्मासमधला चहा पीत राहिलात. बाहेरच्या डोक्याच्या मधोमध ड्रिल, मग पंचाने डोकं उडवायचं, मग बुंधा आत ठोकायचा. चौथ्याला माझा हात घसरला आणि होल इंग्रजी आठच्या आकड्यासारखं झालं. मी हबकलो. तुम्ही कडेपासूनचं अंतर मोजलंत, मोठ्या मापाच्या रिपिटाला पुरेसं आहे म्हणालात, आणि नोंदवहीत हे तुझ्या हाताने लिही म्हणालात. लिहिलं. तपासणीसाला ते पान मी आपणहून दाखवलं. त्याने बॅटरी मारून पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

काकूंनाही सांगा, तो थर्मास अजून माझ्याकडेच आहे. परत करायचा विचार नाही.

सप्टेंबरात विमान उडालं. पहिल्या उड्डाणाआधी शेपटीच्या पोकळीत डोकं घालून मी पुन्हा एकदा बॅटरी फिरवली. तुमच्या सहा महिन्यांच्या स्केचपेनच्या खुणा तशाच आहेत, पुसायला सांगितल्या होत्यात तरी. उतरल्यावर पाय लटपटत होते, हेही खरं.

माझ्या इंजिन-प्रोपेलरच्या जोडीला पहिले 40 तास चाचणीचे. तोवर शेजारच्या सीटवर प्रवासी म्हणून कुणाला बसवायची परवानगी नाही. आत्ता 31 झालेत. तुमचं तिकीट एप्रिलचं आहे असं ताई म्हणाली. उरलेले नऊ तोवर उरकतो. येताना कानटोपी आणा, वर गार असतं.

तुमचा,
गॅरेजवाला