बाबा, ही धाप कुठली?

ती. बाबा आणि आई,

फोनवर बाबा 'बरं, बरं' म्हणून विषय संपवतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच आणि संपेपर्यंत बाबांना उठू देऊ नकोस.

मी तिकडे असताना रात्री तीनला पाणी प्यायला उठले, तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, मुठीत निळा पंप. "काही नाही गं, जुनाच दमा," म्हणालात. बाबा, जुना दमा मी लहानपणापासून बघतेय. तो यायचा तसा जायचाही. छातीत शिट्टी वाजायची, पंप घेतला की थोड्या वेळात तुम्ही पुन्हा पेपरात डोकं घालायचात. हा गेले आठ महिने मुक्कामाला आहे. त्या पंपात 200 फवारे असतात आणि तो तुम्हाला जेमतेम महिनाभर पुरतो. म्हणजे दिवसाला सहा-सात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत वर्षाला तीन निळे पंप संपले तरी मोठा झटका येण्याचा धोका वाढतो असं म्हटलंय. तुमचे आठ झाले.

सकाळी मी मुद्दाम शेजारी बसून बघितलं. तुम्ही पंप तोंडात धरलात, दाबलात, आणि मग श्वास घेतलात. तोवर औषध जिभेवर बसलं होतं, उरलेलं पांढऱ्या ढगासारखं ओठांतून बाहेर आलं. आधी श्वास सोडायचा, मग पंप दाबताना सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. हे जमत नसेल तर स्पेसर आहेच, पंपाला जोडायचा तो पोकळ डबा, जो कपाटावर धूळ खातोय. आणि रोजचा स्टिरॉइडचा पंप? त्यावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा मी पहिल्या दिवशी बघितला आणि निघताना बघितला. चार दिवसांत एक फवारा! बरं वाटतंय तेव्हा तो घ्यायचाच नाही, हा तुमचा नियम मला ठाऊक आहे. पण श्वासनळीतली सूज उतरवणारं औषध तेच आहे. निळा पंप नुसती आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो.

पण एक गोष्ट मला काही सुचू देईना. पंप तुम्ही वर्षानुवर्षं असाच चुकीचा घेताय आणि रोजचा पंप वर्षानुवर्षं चुकवताय. मग आठ महिन्यांपूर्वी नवीन काय घडलं?

म्हणून मी औषधांचा डबा उलटा केला. त्यात काचबिंदूच्या थेंबांची छोटी बाटली निघाली. नाव टिमोलॉल. तारीख बघितली, तर आठ महिन्यांपूर्वीचीच चिठ्ठी.

हे थेंब बीटा ब्लॉकर जातीचे आहेत. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. अश्रूंच्या नळीतून तो नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. पंप फुफ्फुसातली जी कडी काढायला जातो, तीच कडी हे औषध आतून लावतं. म्हणजे नळ्या आवळतातही, आणि पंपाचा गुणही कमी येतो. दमा असणाऱ्याला हे थेंब देऊ नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. मग दिले कसे? मी तुम्हाला विचारलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगितलं होतं का. तुम्ही म्हणालात, "त्यांनी गोळ्या विचारल्या, मी गोळ्या सांगितल्या." आणि छातीच्या डॉक्टरांना थेंबांचं? "ते डोळ्यांचं आहे." बाबा, तुमच्या हिशेबात पंप औषधात धरत नाहीत आणि थेंबही धरत नाहीत. चूक एकट्या तुमची नाही. नेमका प्रश्न त्यांनीही विचारायला हवा होता.

थेंब आपल्या मनाने बंद करू नका, हात जोडते. डोळ्यातला दाब वाढला तर नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून 'दमा आहे आणि धाप वाढलीये' एवढं सांगा. दुसऱ्या जातीचे थेंब मिळतात, ते बदलून देतील.

एवढ्यावर सगळं सापडलं असं मी म्हणत नाही. आई, तू बोलता बोलता सांगितलंस की बाबांना आता दोन उशा लागतात. ती गोष्ट डॉक्टरांना आधी सांग. आडवं झाल्यावर धाप वाढते, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटतो, हे हृदयाकडूनही येऊ शकतं आणि त्यातही छातीत घरघर होते. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रक्ताची एक तपासणी केली की बरंचसं कळतं. हिमोग्लोबिनही बघून घ्या. कधीकधी छाती साफ असते आणि आवळतो तो गळा, श्वास आत घेताना. तुम्हाला सोडताना त्रास होतो, त्यामुळे तो संशय मी मागे ठेवलाय. घोरणं आणि आंबट ढेकर मात्र सांगायला विसरू नका, दोन्ही दमा बिघडवतात.

2017 साली कॅनडातल्या एका अभ्यासात, आधीच्या पाच वर्षांत दम्याचं निदान झालेल्या 613 मोठ्या माणसांना पुन्हा तपासलं. तिघांतल्या एकाला चालू दमा सापडलाच नाही. काही थोड्यांना तर हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा गंभीर आजार निघाला. तुमचा दमा खराच आहे. पण एका माणसाला दोन आजार होऊ नयेत असा काही कायदा नाही.

पीक फ्लो मीटर पाठवलंय, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं छोटं यंत्र. सकाळी उठल्यावर आणि रात्री, उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, त्यातला मोठा आकडा आई वहीत लिहील. दोन आठवडे. मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी. आधी फुंकायला लावतात, पंप देतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदातली हवा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरनी वाढली तर नळ्या अजून सैल होताहेत असं धरतात. कुठला पंप किती तास आधी थांबवायचा ते तिथेच विचारा. आणि मधल्या दिवसांत वाक्य पुरं बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर मला फोन करत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

तपासणीच्या दिवशी मी येतेय, रजा टाकलीये. आई, डबा आहे तसा पिशवीत घाल, थेंबांची बाटली खोक्यासकट. आणि स्पेसर धुवायला घे, पण आतून पुसू नकोस, तसाच वाळू दे. पुसला की औषध भिंतीला चिकटतं.

तुमची थोरली