भरतीची उंची कुठल्या शून्यापासून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ‘आज दुपारी ४.८ मीटरची भरती’ अशी चौकट येते आणि वाशी, नेरुळ, बेलापूरच्या सोसायट्यांत हिशेब सुरू होतो : आपली जमीन ४ मीटरवर, म्हणजे पाणी शिरणार. हा हिशेब मुळातच चुकतो. भरतीची उंची चार्ट डेटमपासून देतात, म्हणजे ओहोटीचे पाणी सहसा ज्याच्या खाली जात नाही त्या पातळीपासून. जमिनीची आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे नकाशावरची उंची) मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून असते. मुंबईच्या अपोलो बंदरावर ही सपाटी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती जमिनीच्या मापात सुमारे २.३ मीटरच भरते. ठाणे खाडी आत निमुळती होत जाते आणि भरती तिथे आणखी चढते, त्यामुळे ऐरोली-कळव्याला अपोलो बंदराचा आकडा तसाच लावूही नये.

तिसरा शून्य जीपीएसचा. वाशीच्या खाडीकाठी दोन मोबाइल शेजारी धरा; एकावर ५ आणि दुसऱ्यावर उणे ६० मीटर दिसू शकते. बिघाड कशातच नसतो. उपग्रहावरून मिळणारी उंची ही पृथ्वीसाठी ठरवलेल्या गुळगुळीत गणिती लंबगोलापासूनची असते. पाणी लंबगोल ओळखत नाही. ते गुरुत्वाकर्षणाच्या समपातळीला, म्हणजे जिऑइडला धरून राहते. श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगात सर्वांत खोल. आपल्या किनाऱ्यावरही तो साठ मीटरहून अधिक खाली आहे. काही मोबाइल ही वजाबाकी आतल्या आत करून दाखवतात, काही करत नाहीत.

ही वजाबाकी नेमकी किती, हाच भूगणित संशोधकांचा खरा विषय. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस आणि २००९ मधल्या गोस या उपग्रह मोहिमांनी जगाचे गुरुत्वक्षेत्र मोजले, पण गोसलाही शंभरेक किलोमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नव्हता. वाशी ते पनवेल एवढ्यातला फरक हवा असेल तर ग्रॅव्हिमीटर, म्हणजे गुरुत्व मोजणारे यंत्र, घेऊन जमिनीवरच फिरावे लागते. एक मीटर वर गेले की वाचन सुमारे ०.३ मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्व मोजण्याचे बारीक एकक) घटते, म्हणून प्रत्येक बिंदूची उंचीही आधी नीट हवी. देशाचा १९०९ चा उंची-आधार, म्हणजे सगळ्या आरएल ज्या शून्यावरून काढतात तो, नऊ बंदरांवरची समुद्रपातळी शून्य धरून बांधला होता. ती नऊही ठिकाणांची समुद्रपातळी खरे तर एकाच समपातळीवर नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने २००९ च्या नव्या आधारात प्रत्यक्ष मोजलेले गुरुत्व वापरले. जुन्या आणि नव्या आरएल एकाच नकाशावर मिसळल्या तर गोंधळ ठरलेला.

नवी मुंबईत याची किंमत नाल्यांत मोजावी लागते. सपाट भरावावर नाल्याचा उतार १:२००० असेल तर १०० मीटरला फक्त ५ सेंटिमीटर मिळतात. आरटीकेची (सेंटिमीटरपर्यंत अचूक अशा सर्वेक्षणाच्या जीपीएसची) उभी चूक प्रत्येक बिंदूला २-३ सेंटिमीटर असते. दोन टोकांना ती उलट दिशेने पडली की उतार संपला. लांब नाल्यावर संपूर्ण कामाला जिऑइडचा एकच आकडा लावला तर चूक अंतरासोबत साचत जाते. इन्व्हर्ट (नाल्याचा तळ) आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणाऱ्या धारण तलावाच्या झडपांचे उंबरे यासाठी ऑटो किंवा डिजिटल लेव्हलच, म्हणजे आडव्या दृष्टिरेषेने उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण, लावावी. बॅकसाइट आणि फोरसाइटचे, म्हणजे मागच्या आणि पुढच्या मोजपट्टीचे, अंतर सारखे ठेवावे, म्हणजे कॉलिमेशनची (दृष्टिरेषा किंचित तिरपी असण्याची) चूक आणि पृथ्वीची वक्रता आपोआप वजा होते. लूप बंद करावा, म्हणजे मोजत मोजत सुरुवातीच्या खुणेवरच परत यावे : ४ किलोमीटरच्या लूपला २४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर काम पुन्हा करावे.

सर्वांत धोक्याचा असतो भरावावरचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेली पक्की खूण. खाली खाडीची चिकणमाती दबत राहते, कल्व्हर्टवरची (छोट्या मोरीवरची) खूण तिच्यासोबत खाली बसते आणि कागदावरची आरएल मात्र जुनीच राहते. लेव्हल कितीही काटेकोर घेतली तरी अशा खुणेवरून निघालेली प्रत्येक पातळी प्रत्यक्षापेक्षा उंच येते, आणि उंबरा कागदावर पुरेसा वर असूनही भरतीचे पाणी आत येते. म्हणून मुख्य खुणा पारसिकच्या डोंगराच्या पक्क्या कातळात असाव्यात, तिथून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नोडमधल्या (वाशी, नेरुळसारख्या वसाहतींतल्या) खुणांना लेव्हल बांधावी आणि किती सेंटिमीटर बसले ते जाहीर करावे.

आपल्याला विनंती एवढीच की भरतीच्या चौकटीत ‘चार्ट डेटमपासून’ हे दोन शब्द आणि कंसात समुद्रसपाटीपासूनची उंचीही छापावी. पालिका आणि नियोजन यंत्रणांनी नाल्याच्या प्रत्येक नकाशावर आधार कोणता, बेंचमार्क कुठला आणि तो शेवटचा कधी तपासला, हे लिहिणे सक्तीचे करावे.

– एक सर्वेक्षण अभियंता, नेरुळ, नवी मुंबई