टाकीच्या तोंडाशी दोर धरायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

नुसते तुमचे आभार मानायचे असते तर फोन पुरला असता. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. लोटे परशुरामपासून तारापूरपर्यंतच्या कारखान्यांत रसायनांचे ड्रम, कार्बॉय (ॲसिडच्या मोठ्या बाटल्या) आणि टोनर (क्लोरीनसारख्या वायूच्या मोठ्या आडव्या टाक्या) हाताळणाऱ्या माणसांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या मालकांना, कळायला हवं की सेफ्टीचं ट्रेनिंग असंही देता येतं.

तुम्ही येण्याआधी आमच्याकडे ट्रेनिंग म्हणजे एक रजिस्टर होतं. नव्या माणसाला गेटवर सही करायला लावायची, सही येत नसेल तर अंगठा, मग थोडा वेळ इंग्रजी स्लाइड दाखवायच्या आणि हेल्मेट देऊन प्लांटवर सोडायचं. कंत्राटी कामगारांच्या वाट्याला तर स्लाइडही येत नसत. सगळ्यात घाण आणि सगळ्यात धोक्याचं काम मात्र तेच करायचे.

तुम्ही पहिल्याच दिवशी बादलीत हळद कालवलीत. आमचे रबरी हातमोजे त्यात बुडवायला लावलेत आणि म्हणालात, "हे ॲसिड आहे असं समजा. आता रोजच्यासारखं काम करा आणि जेवायच्या सुट्टीला मोजे काढा." सुट्टी झाली तेव्हा पिवळे डाग कुठे कुठे निघाले! कॉलरवर, कपाळावर घाम पुसला तिथे, नळाच्या चावीवर, मोबाइलवर, आणि आमच्यातल्या एकाच्या तंबाखूच्या पुडीवर. पुडी बघून सगळे गप्प झाले. मग तुम्ही मोजा कसा काढायचा ते दाखवलंत. मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरायचा, उलटा सोलायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करायचा, मग उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आतून घालून तोही उलटा काढायचा. हात स्वच्छ निघेपर्यंत प्रत्येकाकडून करून घेतलंत. त्यानंतर तुम्ही कपड्यांवर आलात. प्लांटमधले कपडे घरी नेऊन पोराबाळांच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत, ते इथेच धुतले गेले पाहिजेत, हे तुम्ही आम्हाला सांगून थांबला नाहीत, मॅनेजमेंटच्या गळी उतरवून धुलाईची सोय करून घेतलीत. याबद्दल माझ्या बायकोनं तुम्हाला वेगळा नमस्कार सांगितलाय.

ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांसाठी तुम्ही हिंदीतून वेगळा तास घेतलात. त्यातल्या काहींना वाचता येत नव्हतं, म्हणून ड्रमवरची लाल चौकटीतली चित्रं तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलीत. ज्वाळा, कवटी, हातावर सांडणारं द्रव हे त्यांना पटकन कळलं. छातीत चांदणी फुटलेल्या माणसाच्या चित्रापाशी मात्र तुम्ही बराच वेळ थांबलात. हे चित्र असलेला माल कधी कधी आज काहीच जाणवू देत नाही, आणि दहा-वीस वर्षांनी फुफ्फुसात किंवा रक्तात त्याचा हिशेब निघतो, हे तुम्ही ज्या गंभीरपणे सांगितलंत ते त्या मुलांना पोचलं. ऑफिसच्या कपाटात रसायनांची माहिती देणाऱ्या इंग्रजी डेटा शीटची जाड फाइल होती. तिचा फिटरला किंवा हेल्परला काय उपयोग? तुम्ही प्रत्येक रसायनाचं अर्धं पान मराठीत आणि हिंदीत लिहवून घेतलंत आणि जिथे ड्रम उघडतात तिथेच लावलंत. अंगावर सांडलं तर काय होतं, काय घालायचं, डोळ्यात गेलं तर आयवॉशखाली, म्हणजे डोळे धुवायच्या नळाखाली, निदान पंधरा मिनिटं डोळा धरायचा, कुणाला हाक मारायची. बस्स, एवढंच.

कोकणातला पाऊस हा तुमच्या शिकवण्यातला स्वतंत्र धडा होता, आणि तो मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. थायोनिल क्लोराइड या आमच्याकडच्या रसायनाला पाणी लागलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही एकदम सुटतात. म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर ड्रमच्या झाकणावर साचलेलं वाटीभर पाणीसुद्धा धोक्याचं. क्लोरीनच्या टोनरचंही तसंच. लोकांना वाटतं, गळती झाली की पाणी मारावं. गळतीवर पाणी मारलं की ॲसिड तयार होऊन धातू खातं आणि भोक मोठं होतं, हे तुम्ही समजावलंत. टोनर फिरवून भोक वर आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू निघतो आणि एकूण गळती खूप कमी होते, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि पळायचं ते विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघून, वाऱ्याला आडवं, उंच जागेकडे, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात, गटारात बसून राहतो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते.

बंद टाकीत उतरण्याच्या तासाला तुम्ही अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा १९८६ चा इशारा सांगितला होता. बंद जागेत मेलेल्यांमध्ये साठ टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला म्हणून आत गेलेली होती. आपल्याकडे सेप्टिक टँकच्या आणि गटाराच्या बातम्या दरवर्षी तेच सांगतात: एक उतरला, पडला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. तुम्ही म्हणायचात की टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचं काम एकच, दोर धरायचा आणि जागा सोडायची नाही. आत सख्खा भाऊ असला तरी नाही. हे ऐकायला कठोर वाटायचं. काही जण कुजबुजलेही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) सम्पमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या खोल टाकीत, गाळ काढायला एक मुलगा उतरला होता. आत उतरायचं परमिट निघालं होतं, गॅस तपासला होता, ऑक्सिजन बाहेरच्या हवेइतका, २०.९ टक्के होता, हवा सोडणारा ब्लोअर चालू होता, अंगात हार्नेस (दोर अडकवायचे पट्टे), वर तिपाई आणि दोर ओढायचं विंच. गाळ ढवळला तसा गाळाच्या पोटात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटला. मुलाच्या छातीवरचा गॅस डिटेक्टर किंचाळायला लागला, आणि मुलगा शिडीला हात घालेपर्यंत त्याचे गुडघे मोडले. त्याचा मोठा भाऊ शेजारच्या पंपावर होता. तो ओरडत सम्पकडे धावला. तिघांनी त्याला मिठी मारून धरून ठेवलं. दोराशी असलेल्या आपल्या माणसानं मान वर केली नाही, विंच फिरवत राहिला. मुलगा वर आला, मोकळ्या हवेत ऑक्सिजन लावला, चिपळूणला दवाखान्यात नेलं. आज तो कामावर आहे, आणि त्याचा भाऊसुद्धा. गाळाच्या कामाला आता एअरलाइन मास्कशिवाय (बाहेरून नळीनं स्वच्छ हवा देणारा मास्क) परमिट निघत नाही.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं माणसाला वाटतं, हे तुम्ही इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की त्या दिवशी "वास येत नाहीये" असं म्हणत कुणीही सम्पमध्ये डोकावलं नाही. सर, त्या घरी दोन तिरड्या उठल्या असत्या. त्या घराच्या वतीनं आणि आमच्या सगळ्या शिफ्टच्या वतीनं तुमचे मनापासून आभार.

अजून एका गोष्टीसाठी आभार. १९८४ च्या डिसेंबरातल्या भोपाळच्या रात्रीनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं, हे तुम्ही आम्हाला कलमांसकट वाचून दाखवलंत. आपण काय हाताळतो हे कळण्याचा कामगाराला हक्क आहे, जिवाला धोका दिसला तर तो वर कळवण्याचाही हक्क आहे, आणि कळवल्यावर त्याकडे लक्ष देणं वरच्यांवर बंधनकारक आहे. मॅनेजर समोर बसलेले असताना तुम्ही हे बोललात. त्यानंतर आमच्याकडे हेल्परसुद्धा "सर, अर्थिंगची क्लिप लावलेली नाही, टोल्युइन ओतणार नाही" असं म्हणतो (टोल्युइन ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडली तर पेट घेतं, म्हणून ती क्लिप) आणि त्याला कुणी दम देत नाही. ज्या कारखान्यांत असं बोललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात, तिथे कितीही महागडी ट्रेनिंग लावली तरी फुकट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

येत्या ४ मार्चला, सुरक्षा दिनाला, नव्या कंत्राटी मुलांचा पहिला तास मी घेणार आहे. हळद आणून ठेवलीय. टाकीचा तास मात्र तुम्ही घ्यावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. खेड स्टेशनवर गाडी घेऊन येतो. मुक्काम आमच्याकडे. येण्याचं तेवढं आधी कळवा.

आपला नम्र,
लोटे एमआयडीसीतला एक ऑपरेटर