बाबा, तुमच्या सहीचं जर्नल

ग्रोनिंगेन, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "दोन वर्षं खपलीस आणि रिझल्ट काहीच नाही?" तेवढ्यात आईने तुम्हाला गॅस बंद करायला पिटाळलं, म्हणून मी सुटले. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

रिझल्ट आलाय, बाबा. दुपारी डुलकी काढली तर शब्दांची यादी जास्त लक्षात राहते का, हे मी बघत होते (तुमच्या वामकुक्षीचा उल्लेख प्रबंधात केलेला नाही). फरक दिसला नाही, हेच उत्तर. पण संशोधनाचे लेख छापणाऱ्या ज्या जर्नलकडे लेख पाठवला त्यांनी आठवड्यात परत केला. म्हणे निष्कर्षात नवीन काही नाही. फरक दिसला असता, तर हाच प्रयोग त्यांना चालला असता.

अकरावीचा लंबक आठवतो? मी गुरुत्वत्वरणाच्या पुस्तकातल्या ९.८ या उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग भरली होती. तुम्ही तक्त्यावरून बोट फिरवलंत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "वर पंखा गरगरतोय आणि लंबक इतका शहाण्यासारखा वागला?" सही दिली नाहीत. त्यानंतर तुमचा तो नियम आला : उद्देश, आकृती, कृती आणि रिकामा तक्ता आधी लिहून आणा, सही घ्या, मगच स्टॉपवॉच हातात मिळेल. आम्ही पोरं काय वैतागलो होतो तुमच्यावर!

संशोधनाच्या जर्नलांनी तसंच करावं, एवढंच आमचं म्हणणं आहे. कार्डिफ विद्यापीठातले ख्रिस चेंबर्स यांनी २०१३ साली 'कॉर्टेक्स' या जर्नलमध्ये ही पद्धत सुरू केली. तिला 'रजिस्टर्ड रिपोर्ट' म्हणतात. प्रयोगाला हात लावण्याआधी प्रश्न, पद्धत आणि आकडे कसे तपासणार ते लिहून पाठवायचं. परीक्षक तेव्हाच चुका काढतात, म्हणजे सुधारता येतात. आराखडा पसंत पडला की जर्नल शब्द देतं : ठरल्याप्रमाणे काम करा, उत्तर काहीही येवो, आम्ही छापू. मग कशाला कोण रीडिंग जुळवत बसेल? आता तीनशेहून जास्त जर्नलं असे लेख घेतात. २०२३ पासून 'नेचर'सुद्धा.

फरक किती पडतो बघा. मानसशास्त्राच्या नेहमीच्या लेखांत ९६ टक्के वेळा संशोधकाचा अंदाज खरा ठरलेला दिसतो, आणि या पद्धतीच्या लेखांत ४४ टक्के. २०२१ मध्ये छापून आलेली तुलना आहे ही. शंभरात शहाण्णव! तुम्ही अशा वर्गाची फेरपरीक्षा घेतली असतीत.

तुम्ही रोज बीपीची गोळी घेता म्हणून आणखी एक सांगते. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या हृदयरोगाच्या मोठ्या चाचण्या कुणीतरी मोजल्या. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतर चाचणी आधी जाहीर नोंदवायची रीत आली आणि २५ पैकी फक्त दोनमध्ये दिसला. नोंदणी हे एकमेव कारण असेलच असं नाही, पण आधी लिहून दिलेलं मागाहून फिरवता येत नाही. आपल्याकडेही औषधांच्या चाचण्यांची नोंदणी २००७ पासून होते आणि २००९ पासून ती सक्तीची आहे. मात्र नोंदणी म्हणजे परीक्षण नव्हे. आराखडाच कच्चा असेल तर तो कच्चाच नोंदला जातो.

तुम्ही विचाराल, वाटेत अनपेक्षित काही सापडलं तर? तेही लिहायचं, फक्त वेगळ्या मथळ्याखाली. हे आधी ठरलं नव्हतं, मागाहून दिसलं, असं सांगून. खरी अडचण वेळेची आहे. आराखडा मंजूर व्हायला महिने जातात, आणि माझ्यासारखीचा करार चार वर्षांचा. तोवर हात बांधून बसायचं. यावर माझ्याकडेही धड उत्तर नाही. लवकर पाठवायचं, एवढंच.

आम्ही चार-पाच जणी मिळून संपादकांना पत्रं लिहितोय. एकाचं गोड उत्तर आलं, 'विचार करू'. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं असतं तसं.

आता कामाचं. ताईच्या वाशीच्या कॉलेजातून जर्नल निघतं आणि ती संपादक मंडळावर आहे. मी सांगितलं तर धाकटीचं शहाणपण म्हणून उडवून लावेल. तुम्ही बोला. सगळं जर्नल बदलायला नको, अंकात असा एक लेख घेऊन बघा म्हणावं. नियम छापील तयार मिळतात, खर्च नाही. रविवारी ती ठाण्याला आली की मामलेदारची मिसळ खाऊ घाला आणि मग विषय काढा. उपाशी असताना नको.

आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझं अकरावीचं जर्नल असेल, तर लंबकाच्या पानाचा फोटो पाठवा. तुम्ही लाल पेनाने 'पुन्हा करा' लिहिलंय ते पान. पुढच्या महिन्यात इथे याच विषयावर बोलायचंय, पडद्यावर पहिलं तेच दाखवते. स्टुलावर तुम्ही चढू नका, शेजारच्या दादाला सांगा.

आईला नमस्कार. भाजणी पोचली.

तुमची,
धाकटी