आधी दार, मग कपाट: मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कमी वस्तूंमध्ये राहायचं ठरवलंयस आणि येत्या रविवारपासून टाकायला सुरुवात करणार आहेस, हे वाचलं. माझं ऐकशील तर टाकणं महिनाभर लांबणीवर टाक. आधी दारातून आत काय येतंय ते बघ. एका रविवारी चार पिशव्या बाहेर जातात, तीन महिन्यांत पाच आत येतात, आणि मग माणसाला वाटायला लागतं की आपल्या स्वभावातच हे नाही. स्वभावाचा काही संबंध नसतो गं, क्रम चुकलेला असतो.

या महिन्यात एक वही कर. काही घ्यावंसं वाटलं की तारीख घालून त्या वस्तूचं नाव लिही. खाली लिही: घरात ही नेमकी कुठे राहणार? हिला पुसायचं, धुवायचं, चार्ज करायचं कोणी आणि किती वेळा? ही आली की कोण जाणार? आणि हिच्यापायी आणखी काय घ्यावं लागेल? हा शेवटचा प्रश्न गाळू नकोस. देनिस दिदरो या फ्रेंच लेखकाने १७६९ मध्ये याच गोष्टीवर एक निबंध लिहिला होता. नवा भारी झगा अंगावर आला आणि त्याच्यापुढे खोलीतली जुनी खुर्ची, मेज, भिंतीवरची चित्रं विटकी दिसायला लागली, मग एकेक बदलत गेलं. वस्तू सहसा एकटी येत नाही. तिला कव्हर लागतं, स्टँड लागतो, ठेवायला फळी लागते.

तीस दिवसांनी वही उघड. ज्याची अजूनही गरज वाटते ते खुशाल घे. रोजच्या वापरातली एखादी वस्तू मोडली किंवा संपली तर मात्र हा नियम नाही, ती लगेच आण. अडचण सोसत बसणं म्हणजे साधेपणा नव्हे.

आता आवरण्याकडे वळू. फोटो, पत्रं, आठवणीच्या वस्तू यांच्यापासून सुरुवात करू नकोस, पहिल्याच तासात अडकशील. वायरी-चार्जरच्या खणापासून कर. तिथे जीव गुंतलेला नसतो आणि निर्णय घ्यायची सवय लागते. वीस मिनिटांचा गजर लाव, खण पूर्ण रिकामा करून सगळं चादरीवर काढ. वरवर चाळलंस तर तळातलं तळातच राहील.

गोल पिनेचा प्रत्येक अडॅप्टर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाच. आउटपुटपुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट उपकरणाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. पिनेच्या आकृतीतली अधिक-उणेची खूणही जुळवून बघ, उलटी असेल तर उपकरण जळू शकतं. ज्याचं उपकरण घरात नाही तो अडॅप्टर गेला. जो राहील त्याला कागदी पट्टी चिकटवून उपकरणाचं नाव लिही, म्हणजे पुढच्या वेळी हे सगळं पुन्हा करावं लागणार नाही. यूएसबी-सीचं काम सोपं आहे. किती व्होल्ट घ्यायचे ते चार्जर आणि उपकरण आपापसात ठरवतात, त्यामुळे पुरेशा वॅटचा एक चांगला चार्जर लॅपटॉप, फोन, इअरफोन सगळ्यांना पुरतो. लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरवर किती वॅट आहेत ते बघायचं, आणि केबलही तेवढे वॅट पेलणारी हवी.

त्याच खणात जुने फोन निघतील. आधी फोटो-नंबर उतरवून घे, मग फोनमधल्या गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पड, त्यानंतर फॅक्टरी रीसेट कर, शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढ. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केलास तर पुढच्या माणसाला तो कुलूपबंद मिळू शकतो. एखादी बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नकोस, टोचू नकोस, चार्ज करू नकोस. ती वेगळी ठेव आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच दे. रोजच्या कचऱ्यात गेलेली लिथियमची बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते.

कपड्यांचं कपाट नंतर घे. किती कपडे ठेवायचे याचा आकडा दुसऱ्या कुणाकडून उचलू नकोस, तो धुण्यावरून काढ. दर चार दिवसांनी धुतेस, वाळायला दोन दिवस लागतात, वर दोन जोड हाताशी, म्हणजे रोजचे आठ जोड. दमट दिवसांत वाळायला वेळ लागतो, तेव्हा आणखी दोन. दहाच्या वर जे आहे त्याला स्वतंत्र कारण हवं: प्रवास, समारंभ, थंडी, व्यायाम. यातलं काय घालतेस आणि काय नुसतं लटकतंय, हे कळायला सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकव. कपडा घालून परत ठेवताना हँगर सुलट कर. सहा महिन्यांनी उलटे राहिलेले दिसतीलच. लोकरीच्या कपड्यांना आणि रेनकोटला मात्र पूर्ण वर्ष द्यायचं.

तरीही हात अडेल, आणि तो का अडतो हे माहीत असलेलं बरं. कानमन, क्नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले कॉफीच्या मगांचे प्रयोग आहेत. काहींना मग दिले, काहींना नाही. ज्यांच्या हातात मग होता ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती इतर लोक द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग तोच, फक्त 'माझा' झालेला. म्हणून 'हा कपडा टाकू का?' असं विचारू नकोस. 'आज हा माझा नसता, तर पैसे देऊन घेतला असता का?' असं विचार. उत्तर भराभर येतं. आणि 'महाग होता' हे ठेवण्याचं कारण होत नाही. ते पैसे गेलेच आहेत, आता तो फक्त जागा घेतोय.

तेवढ्यानेही ठरलं नाही तर एक खोकं कर. एकच. त्यात घाल, चिकटपट्टीने बंद कर, वर तीन महिन्यांनंतरची तारीख लिही. आत काय आहे याची यादी करायची नाही. त्या तारखेपर्यंत ज्याची आठवण झाली नाही, ते द्यायला हरकत नाही. दुसरं खोकं केलंस की ती अडगळीची खोली झाली म्हणून समज.

'वर्षभर वापरलं नाही की टाका' हा नियम तू वाचला असशील. मला तो अर्धवट वाटतो. टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, जादा किल्ली, स्क्रू ड्रायव्हर, आग विझवायचं नळकांडं वर्षभर वापरावं लागलं नाही तर ते चांगलंच आहे. यांना एकच प्रश्न: लागेल तेव्हा दोन मिनिटांत सापडेल आणि चालेल का? औषधांची मुदत आणि टॉर्चमधले सेल मात्र सहा महिन्यांनी बघत जा.

सुंदर एकसारखे डबे, टोपल्या, कप्पे आधी आणू नकोस. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. रिकामा डबा दिसला की तो भरला जातो, आणि टाकायची वस्तू नीट लावून ठेवली की ती हक्काने राहते. सगळं कमी झाल्यावर मोजमाप घेऊन मगच डबे घे, तोवर जुनी खोकी चालतील. खण पाऊणच भर. एका हाताने वस्तू परत ठेवता आली नाही, की ती खुर्चीवर पडते.

कागदांचं थोडक्यात सांगते. ओळख, शिक्षण, घर यांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये, त्यांचं स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी. वॉरंटीचं बिल मुदत संपेपर्यंत. कराचे कागद कायदा सांगेल तितकी वर्षं. बाकीच्या कागदांवरचे खाते क्रमांक फाडून मग ते रद्दीत. फोनवर माणसांचे कॉल आणि निरोप वगळून सगळ्या सूचना बंद कर. सबस्क्रिप्शन शोधायला बँकेचं पूर्ण बारा महिन्यांचं विवरण काढ. वर्षातून एकदाच कापली जाणारी रक्कम तीन महिन्यांच्या विवरणात बहुधा दिसतच नाही.

आणि हो, तुझ्याबरोबर राहणाऱ्या माणसाच्या एकाही वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नकोस, ती कितीही निरुपयोगी वाटली तरी. एकदा विश्वास गेला की तो माणूस तुटलेलं पेनसुद्धा लपवून ठेवायला लागतो. दोघांनी वापरायच्या जागा दोघांनी मिळून आवरा, त्याचं कपाट त्याच्यावर सोड. तुझा भाग मोकळा झालेला त्याला रोज दिसेलच, त्याने आपणहून विचारलं तर वीस मिनिटांचा गजर त्यालाही लावून दे.

वायरींचा खण झाला की कळव.

तुझी,
आई